गाणं आपल्या ओठांवर, गाणारा एस.टी. स्टँडवर

भीमजयंतीचा जमाखर्च लिहिण्याचे काम गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. आम्ही पडलो बी.कॉम., त्यात कचेरीत कारकून. त्यामुळे मंडळाची वही आमच्याच पिशवीत असते. वर्गणी किती आली, मांडवाला किती गेले, फुलांचे हार, लाइट, जेवणाचे तांदूळ, सगळे ओळीने लिहायचे आणि खाली बेरीज करून सर्वांना वाचून दाखवायचे. इतकी वर्षे हा हिशेब वाचताना आम्हाला कधी लाज वाटली नव्हती. एका वर्षी वाटली.

त्या वर्षीच्या वहीत डॉल्बीचे बिल पाच आकडी होते. त्याच्या खाली चार ओळी सोडून गायकाची नोंद होती : नारळ, शाल आणि एस.टी. भाडे. बाकी काही नाही. बेरीज बिनचूक होती. पण ती वाचताना आमची जीभ अडखळली. त्यामागची हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत. आमच्याच हातून घडलेली चूक आहे, म्हणून सांगण्याचा अधिकारही आमचाच आहे.

जयंतीची ती रात्र

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठाणे. वेदगंगेच्या काठचे हे गाव मौनी विद्यापीठामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर आपली घरे विखुरलेली. एप्रिल महिना लागला की कुठे चौदा तारखेला, कुठे पुढच्या आठवड्यात, तर कुठे थेट मे महिन्यात जयंती साजरी होते. म्हणजे गाणाऱ्या माणसाला वर्षातला हाच काय तो सुगीचा हंगाम.

त्या वर्षी आम्ही चार गावे पलीकडच्या एका गायकांना बोलावले होते. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण ते त्यांना आवडणार नाही. वय साठीच्या पुढे. दिवसा सेंट्रिंगच्या कामावर जाणारे, रात्री पेटी घेऊन बसणारे. सोबत ढोलकीवाला भाचा आणि मागे साथ धरणारा एक जोडीदार. सर्वजण त्यांना तात्या म्हणतात.

कार्यक्रम संध्याकाळी सातचा ठरला होता. मिरवणूक मात्र डॉल्बीपुढे नाचत नाचत सव्वानऊला समाजमंदिरापाशी आली. तोवर तात्या ओट्याच्या कडेला पेटी मांडीवर घेऊन बसून होते. चहा एकदा मिळाला, तोही गार. मग हार-तुरे, पाहुण्यांची भाषणे. त्यांच्या हातात माइक आला तेव्हा दहाला वीस मिनिटे कमी होती. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे. बंदोबस्ताच्या पोलिसाने घड्याळ दाखवले. तात्यांनी चार गाणी म्हटली, जयभीम केला आणि पेटी मिटली. आम्ही शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

सकाळी कचेरीला जाताना गारगोटीच्या एस.टी. स्टँडवर नजर गेली. बाकावर तात्या बसले होते. मांडीवर पेटी, पेटीवर आमचीच शाल घडी करून ठेवलेली.

आम्ही गाडी लावून जवळ गेलो. “जयभीम तात्या. रात्रभर इथेच होता का?”

“जयभीम साहेब. न्हाई न्हाई, तुमच्याच समाजमंदिरात पडलोतो. पहाटं चालत आलो.”

आम्ही चहा सांगितला. काल आमचे चुकलेच, असे म्हणालो. त्यावर ते हसले. “त्येचं काय न्हाई ओ. शाली घरात एवढ्या झाल्यात, की बायको म्हणती दुकान काढूया. पेटीचा भाता फाटलाय, पन त्येला काय शाल लावता येत न्हाई.” मग थोडे थांबून म्हणाले, “एक सांगू का साहेब? काल मी चार गानी म्हटली. त्यातली तीन वामनदादांची. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पन एकानंबी इचारलं न्हाई, गानं कुनाचं म्हून. माझं नाव नगा घेऊ. पन त्या मानसाचं तरी घेत जावा.”

तेवढ्यात गाडी लागली. ते गेले. आम्ही कचेरीत दिवसभर कागद पुढे ओढत होतो, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. खरेच, आपल्या घराघरात ज्यांची गाणी पाळण्यापासून पुण्यानुमोदनापर्यंत म्हटली जातात, त्या माणसाविषयी आपल्या मुलांना काय ठाऊक आहे?

कोण हे वामनदादा?

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. घरची गरिबी, शाळेचा पत्ता नाही. मोठेपणी पोटासाठी मुंबईला आले आणि मिळेल ते कष्टाचे काम केले. चाळीत राहताना कोणीतरी एकदा पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि अक्षर येत नसल्यामुळे वामनदादांना फार ओशाळे वाटले, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. मग जाणत्या माणसाकडून मुळाक्षरे गिरवली आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून वाचून हा माणूस साक्षर झाला. वाचकहो, ज्याने पाट्या वाचून अक्षर कमावले, त्याच्या हातून पुढे हजारो गीते उतरली.

१९४३ च्या सुमारास त्यांनी गाणे लिहायला सुरुवात केली. आरंभी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर विडंबन केले. पण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ डोळ्यांसमोर उभी राहिली आणि लेखणीला दिशा मिळाली. त्यानंतर साठ वर्षे त्यांनी दुसरा विषय फारसा धरलाच नाही. बाबासाहेब, रमाई, तथागत, कष्टकऱ्याची भाकर, बाईचे दुःख, दारूचा नाश, शिक्षणाची ओढ हेच त्यांचे विषय. ‘वाटचाल’ आणि ‘मोहोळ’ हे त्यांचे गीतसंग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन प्रसिद्ध आहे. १५ मे २००४ रोजी ते कालकथित झाले.

इथे एक खुलासा केला पाहिजे. पुष्कळ जण वामनदादा आणि भीमराव कर्डक यांना एकच समजतात. भीमराव कर्डक हे त्यांच्या आधीच्या पिढीतले, तेही नाशिक जिल्ह्यातलेच. १९३० नंतरच्या काळात त्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत जलशाची जी रीत पडली होती, तीच पुढे आपल्या शाहिरांनी उचलली. तमाशातल्या गण-गवळणीला फाटा दिला आणि वगाच्या जागी शाळा, पाणी, व्यसन, अस्पृश्यता यांवरचे प्रवेश आणले. बाबासाहेब आपल्या सभांपेक्षाही या जलशांना मोठे मानत, अशी आठवण जुनी मंडळी सांगत आली आहेत. कारण सरळ आहे. सभेतले भाषण ऐकायला माणूस तालुक्याला जावा लागे. जलसा मात्र त्याच्या दारात येई, त्याच्याच बोलीत बोले आणि वाचता न येणाऱ्याच्याही डोक्यात घर करून राही.

दारात बसून झालेली गाणी

वामनदादा कोणत्या कंपनीचे नोकर नव्हते, की कोणत्या नाटक मंडळीत पगारावर नव्हते. आजच्या भाषेत त्यांना स्वतंत्र कलावंत म्हणतात. पण हे स्वातंत्र्य म्हणजे काय ते आपण समजून घेतले पाहिजे. महिन्याचा पगार नाही, आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची तजवीज नाही. आज या गावी, उद्या त्या गावी. जिथे मुक्काम तिथे वस्तीतल्याच कुणाच्या तरी घरी भाकरी आणि अंथरूण.

परंतु याच रीतीमुळे त्यांचा ऐकणाऱ्याशी धागा जुळला. ज्या घरी भाकरी खाल्ली, त्या घरातली सासू-सुनेची बोलणी कानावर पडली. ज्या वस्तीत मुक्काम केला, तिथला पाणवठ्याचा तंटा समजला. दुसऱ्या दिवशी ते गाण्यात आले, की ऐकणारी बाई पदर डोळ्याला लावून म्हणणार, हे तर माझेच आहे. पालुपद असे, की दुसऱ्यांदा आले म्हणजे सगळी वस्ती साथ धरेल. चाल कधी सिनेमाची, कधी भजनाची, कधी पाळण्याची, कधी कव्वालीची. चाल ओळखीची असली की शब्दांकडे लक्ष जाते, नवीन असली की माणूस चालीतच अडकतो. हे शास्त्र त्यांना कोणत्या शाळेत शिकवले नव्हते. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ते शिकले.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ हे आपले नाव गुंफत. संत मंडळींच्या अभंगातही हीच रीत दिसते. छापखाना ज्यांच्या मालकीचा नव्हता, त्यांच्यासाठी ही सहीच होती. कागद हरवेल, वही भिजेल, पण गाणे तोंडी राहिले तर नावही राहील. मात्र गाणाऱ्याने शेवटचे कडवे गाळले, की सही गेली. आज मिरवणुकीत डॉल्बीवर दोन कडव्यांतच गाणे तोडून पुढचे लावतात. कुणाच्या मनात वाईट नसते, पण दर वेळी पुसले जाते ते वामनदादांचे नाव.

कॅसेट आली, पैसा गेला कुठे?

आमचे बालपण टेपरेकॉर्डरच्या काळातले. घरात नवी कॅसेट आली, की गल्ली गोळा होई. कालकथित प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज, विठ्ठल उमपांची फेक, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाऊन आलेला माणूस पुस्तके, बाबासाहेबांची तसबीर आणि दोन-चार कॅसेटी घेतल्याशिवाय परतत नसे. त्याआधी तबकड्यांचा जमाना होता. तबकडी महाग, तिचे यंत्र त्याहून महाग. कॅसेट स्वस्त निघाली, म्हणून ती कष्टकऱ्याच्या घरात पोहोचली. भीमगीते आंबेडकरी वस्त्यांच्या कानाकोपऱ्यात गेली, हे कॅसेटचे उपकारच आहेत.

परंतु जमाखर्चाच्या नजरेने पाहिले तर दुसरी बाजू दिसते. कवीला आणि गायकाला बहुधा एकरकमी पैसे मिळत. कॅसेट शंभर खपो की लाख खपो, त्याच्या हातात पुन्हा काही येत नसे. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कवीचे नाव बारीक आणि कधी कधी तेही नाही. हे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतल्या काळ्या गायकांची गाणी तिथल्या कंपन्यांनी अशीच एकरकमी पैसे देऊन घेतली आणि त्यांवर वर्षानुवर्षे धंदा केला. ज्याच्या हाती कागदपत्र नाही, त्याच्या घामाची किंमत दुसराच ठरवतो. शेतात तेच, गिरणीत तेच आणि गाण्यातही तेच.

पुढे सीडी आली. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. आता तर सगळे फोनवरच आहे. यंत्र बदलत गेले, पण गाणाऱ्याच्या वहीतली जमेची बाजू फारशी भरली नाही.

एकतारीची गोष्ट

अशा काळात एक बाई उभी राहिली. छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या कडुबाई खरात. पतीच्या निधनानंतर लेकरांना वाढवण्यासाठी हातात एकतारी घेऊन वस्त्यावस्त्यांत, दारोदार गाणारी ही माउली. साथीला पेटी नाही, तबला नाही, पाठीशी कंपनी नाही. कुणीतरी तिचे गाणे मोबाइलवर टिपले, ते एकाने दुसऱ्याला पाठवले आणि पाहता पाहता महाराष्ट्रभर तिचा आवाज ऐकू गेला. ज्या दारांत ती पसाभर धान्यासाठी गात होती, तसल्याच वस्त्यांतून तिला मानाने व्यासपीठावर बोलावणे येऊ लागले.

तिच्या गाण्यात असे काय होते? बाबासाहेबांमुळे आपल्या संसाराला काय मिळाले, ते एक बाई दुसऱ्या बाईला सांगावे तसे ती सांगत होती. त्या सांगण्यात उपदेशाचा सूर नव्हता आणि कसला आवही नव्हता. म्हणून ते भिडले.

महाराष्ट्राबाहेरही हे चालू आहे. पंजाबात जालंधरची गिन्नी माही ही रविदासिया समाजातली मुलगी बाबासाहेबांची गाणी नव्या ठेक्यावर गाते आणि तिला ऐकायला तरुणांची गर्दी होते. तिकडे चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१८ च्या जानेवारीत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ नावाचा वाद्यवृंद लोकांसमोर आला. तिथल्या वस्त्यांतल्या ‘गाना’ नावाच्या गाण्याला त्यांनी मोठ्या रंगमंचावर नेले. आपल्याकडे संभाजी भगत यांचा पहाडी आवाज आहेच. भाषा वेगळ्या असल्या तरी वाट एकच आहे. आपले दुःख आपणच गायचे आणि ते ऐकणाऱ्याच्या दारात न्यायचे.

पण या वाटेवर काटेही आहेत. शाहीर विलास घोगरे यांचे नाव आपण विसरता कामा नये. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे मारली गेली. त्या दुःखाने व्याकूळ झालेल्या या शाहिराने चार दिवसांनी स्वतःचे जीवन संपवले. ज्याचे काळीज समाजाच्या वेदनेला इतके उघडे असते, त्याला समाजाने एकटे सोडता कामा नये, एवढे तरी आपण त्यातून शिकावे.

आम्ही काय केले

आता पुन्हा आमच्या वहीकडे येतो. पुढच्या वर्षी मार्च महिन्यातच मंडळाची बैठक घेतली. आम्ही मागचा हिशेब वाचला आणि स्टँडवरची हकिकत सांगितली. काही तरुण उसळले. “डॉल्बीशिवाय जयंती म्हणजे काय? लोक हसतील.” त्यांचेही अगदीच चुकत नाही. वर्षभर राबणाऱ्या पोराला एक दिवस नाचावेसे वाटते आणि वाजतगाजत रस्त्याने जाणे हाही एके काळी आपल्याला नाकारलेला हक्कच होता. त्यामुळे डॉल्बी बंद करा असा हट्ट आम्ही धरला नाही. एवढेच म्हणालो, की वहीतली पहिली ओळ गायकाच्या मानधनाची असू दे. उरलेल्या पैशात बाकीचे बसवू.

बराच वाद झाला. एक वयस्क काकू शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, “आरं, तुमच्या डॉल्बीनं छाती हादरती, पन एक शबूद कळत न्हाई. आमी बायकांनी काय ऐकायचं?” त्यानंतर फारसे कोणी बोलले नाही.

चार गोष्टी ठरल्या. मिरवणूक दुपारी चारला काढायची. गाण्याला सात ते दहा अशी पूर्ण वेळ द्यायची. मानधन आधी ठरवायचे, निम्मे आगाऊ द्यायचे आणि परतीच्या गाडीची सोय मंडळाने करायची. आणि प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव सांगायचे.

आम्ही तात्यांच्या घरी गेलो. मागच्या वर्षीचे म्हणून काही पैसे पुढे केले. ते त्यांनी परत सारले. “मागचं मागं. औंदाचं इसार म्हून घेतो,” म्हणाले. त्या पैशातून पेटीचा भाता बदलला, हे आम्हाला नंतर कळले.

त्या वर्षी गर्दी कमी होती, हे कबूल केले पाहिजे. नाचणारी पोरे मिरवणुकीनंतर पांगली. पण बायका आल्या, म्हातारी माणसे आली, लेकरे पुढे चटईवर बसली. तात्यांनी त्रिशरण-पंचशील झाल्यावर सुरुवात केली. वामनदादांचे नाव सांगून एक जुने गाणे म्हटले आणि दोन कडव्यांनंतर थांबले. तेव्हा बायकांतून एक आज्जी खाली मान घालूनच पुढचे कडवे म्हणू लागली. तात्यांना ते कडवे ठाऊक नव्हते. त्यांनी पेटीवरचा हात हलका केला आणि तिच्या मागे सूर धरला. त्यानंतर तिने आणखी एक कडवे म्हटले. शेवटच्या ओळीत ‘वामन’ आले, तशी पुढे बसलेली एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, “आज्जी, ह्येच का ते?”

सगळे हसले. तात्यांनी मात्र कार्यक्रम थांबवून खिशातली वही काढली आणि आज्जीसमोर मांडी घालून बसले. “आक्का, परत एकदा म्हना. उतरून घेतो.” आज्जीने हे गाणे चाळीस वर्षांपूर्वी माहेरी ऐकले होते. लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून डोक्यात ठेवले होते. कुणी विचारले नव्हते, म्हणून कुणाला सांगितले नव्हते.

आमच्या मते गाणारा आणि ऐकणारा यांचे नाते ते हेच. गाणारा देतो आणि ऐकणारा जपून ठेवतो. मग वेळ आली की ऐकणारा परत देतो. पण त्यासाठी दोघे समोरासमोर बसले पाहिजेत आणि मधला आवाज इतकाच हवा, की एका म्हातारीचा कापरा सूर ऐकू यावा.

प्रत्येक घराने करण्याजोगे

नुसते हळहळून काही होत नाही. म्हणून कारकुनी अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, घरातल्या आजी-आजोबांना जी गाणी येतात ती मुलांनी वहीत उतरून घ्यावीत. शेवटचे कडवे जरूर विचारावे. फोन असेल तर आवाजही टिपून ठेवावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत याहून चांगला अभ्यास नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या देशातला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गीत लिहिले किंवा चाल बांधली की हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, मात्र वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. हा हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत शाबूत आहे. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला अधिक बळ मिळाले. तेव्हा आपल्या वस्तीत कोणी गाणी लिहीत असेल, तर त्याने वहीत गाण्याखाली नाव आणि तारीख घालावी. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता कोणत्याही करारावर सही करू नये. समजत नसेल तर शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा.

तिसरी गोष्ट फोनची. एखाद्या गायकाचे यूट्यूबवर स्वतःचे चॅनल असेल तर गाणे तिथेच जाऊन ऐकावे आणि दुसऱ्याला पाठवताना तिथलाच दुवा पाठवावा. उतरवून घेतलेली चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरवली, की गायकाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला चॅनलचे किमान १००० सदस्य आणि वर्षात ४००० तासांचे ऐकणे-पाहणे भरावे लागते. आपण प्रत्येकाने दाबलेले एक बटण त्यात मोजले जाते.

चौथी गोष्ट सरकारी मानधनाची. वृद्ध कलावंत आणि साहित्यिकांसाठी राज्य शासनाची योजना आहे. २०२४ पासून ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते आणि मानधन दरमहा ५००० रुपये करण्यात आले आहे. वयाची, उत्पन्नाची आणि कलेतल्या सेवेची अट आहे. अर्ज करताना जुन्या कार्यक्रमांची पत्रके, फोटो, कात्रणे लागतात आणि आपला कलावंत नेमका तिथेच अडतो. म्हणून मंडळांनी गायकाला नुसती शाल न देता तारीख आणि सहीशिक्क्याचे पत्रही द्यावे. शालीपेक्षा तो कागद म्हातारपणी जास्त ऊब देईल. पंचायत समितीत चौकशी करून अर्ज भरून देणे हे आपल्या शिकलेल्या मुलामुलींचे काम आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी. गाणे सुरू होण्याआधी कवीचे नाव घ्यावे. याला एक पैसाही लागत नाही.

हा कोल्हापूर जिल्हा आहे. १९२० साली माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी तरुण भीमरावांची ओळख समाजाचा पुढारी म्हणून करून दिली. १९५० साली कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेबांच्या हयातीत. माणसाचा मान तो हयात असताना करावा, हा धडा याच मातीने दिला आहे. मग आपल्या गाणाऱ्याला मान द्यायला त्याच्या पुण्यानुमोदनाची वाट का पाहावी?

आमच्या वहीत आता पहिली ओळ गायकाच्या मानधनाची असते. रक्कम फार मोठी नाही. पण बेरीज वाचताना जीभ अडखळत नाही. तात्या अजून गातात. शेवटच्या गाडीच्या वेळेकडे आम्ही लक्ष ठेवतो. गाडी चुकलीच, तर आमच्या घरी अंथरूण आहे आणि भाकरीही आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!